अर्ध्या वजनाची दोरी

छताच्या हुकाला कप्पी अडकवायची म्हणून सरांनी चौकशी अधिकाऱ्यांकडे त्यांचीच खुर्ची मागितली.

साहेब उठले. फाईल खरं तर बंद व्हायला आली होती. सहा दिवसांपूर्वी एका नव्या, रिकाम्या इमारतीची भिंत रंगवताना रंगारी तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि जागच्या जागी गेला. दोरी तुटली होती. कुजकी दोरी दिली म्हणून मुकादम आत होता. आणि आता मेलेल्या माणसाचा सासराच मुकादमाची बाजू घेऊन आला होता, तोही पिशवीत शाळेचं सामान भरून!

लोकांनी सरांना वेड्यात काढलं होतं. पण काल मुकादमाची बायको दारात येऊन बसली, ती काही केल्या उठेना. एकदा ती दोरी बघा, मग काय व्हायचं ते होऊ दे, एवढंच तिचं पालुपद. चौतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला कुणी 'एकदा बघा' म्हटलं की संपलंच. शिवाय निरपराध माणूस तुरुंगात सडावा, हे सरांना चालणारं नव्हतं.

मुलीने मात्र अडवलं होतं. "जाऊ द्या ना बाबा, कशाला उकरून काढता?" दुःखात आहे पोर, असं म्हणून सरांनी ते मनावर घेतलं नाही. नवऱ्याला डोळ्यांदेखत पडताना पाहिलेलं तिने. रोज दुपारी डबा घेऊन ती त्या इमारतीचे जिने चढायची आणि खिडकीच्या गजांतून त्याला जेवण द्यायची. त्या दिवशीही तसंच झालं, आणि घास तोंडात जायच्या आत दोरी तुटली, असा तिचा जबाब होता.

जावई काही सोन्याचा नव्हता, हे सरांना ठाऊक होतं. मुलगी दोनदा पिशवी घेऊन माहेरी आली होती आणि दोनदा त्यांनीच तिला समजूत घालून परत पाठवलं होतं. ते आठवलं की त्यांना स्वतःचीच लाज वाटायची. कुणाला सांगणार?

खुर्चीवरून उतरून त्यांनी पिशवीतून दहा किलोचं वजन काढलं. त्याला दोरी बांधून ती कप्पीवरून खाली घेतली, मध्ये ताणकाटा जोडला आणि मोकळं टोक पुन्हा त्याच वजनाला बांधलं. हात सराईत होते. शाळेच्या प्रयोगशाळेत हे सगळं मांडायला पूर्वी मुलगी असायची, आणि काटा कुठे थांबणार ते सरांच्या आधी सांगून मोकळी व्हायची. आज एकट्यालाच करावं लागत होतं.

काटा पाचावर थांबला.

"रंगारी असाच लटकायचा," सर म्हणाले. "फळी कप्पीवरच्या दोरीला, आणि दोरीचं दुसरं टोक त्याच्याच हातात. हवी ती उंची गाठली की ते टोक फळीलाच बांधायचं. म्हणजे वजन दोन पदरांवर, आणि दोरीवर ताण निम्माच."

मग त्यांनी ते टोक सोडवून टेबलाच्या पायाला बांधलं आणि वजन सोडलं. काटा सरकन दहावर गेला.

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. वजन तेच होतं, दोरी तीच होती. पुन्हा करून दाखवा म्हणाले. सरांनी एकदा सोडून तीनदा दाखवलं.

पुढचा हिशेब सोपा होता. उरलेल्या दोरीची तपासणी झाली होती. ती सत्तर किलोला तुटत होती. माणूस आणि फळी मिळून नव्वद. तीन वर्षं ती पंचेचाळीस किलो बिनबोभाट पेलत आली होती. दोरी जुनी खरी, पण त्या दिवशीही दुपारपर्यंत तिला काही झालं नव्हतं. आणि पंचनाम्यात एक ओळ होती, जिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं: दोरीचं टोक तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या गजाला बांधलेलं आढळलं.

"म्हणजे गजाला बांधल्यामुळे तुटली," साहेब सावकाश म्हणाले. "पण बांधली का?"

"जेवायला दोन्ही हात मोकळे हवेत. फळीपेक्षा लोखंडी गज भक्कम, असं वाटलं असेल. कुणालाही वाटेल."

साहेबांनी जबाब लिहून घेतला, सरांनी खाली सही केली. संध्याकाळी मुकादम सुटला. सरांचे हात धरून तो ढसाढसा रडला आणि सरांचेही डोळे भरून आले. कितीतरी दिवसांनी आपल्या हातून काही बरं झालं, असं त्यांना वाटलं.

घरी येऊन त्यांनी मुलीला सगळं सविस्तर सांगितलं. काटा कसा सरकला, साहेबांचा चेहरा कसा झाला, सगळं. उद्या सकाळी साहेब येतील, तू जवळ होतीस म्हणून गाठीबद्दल दोन प्रश्न विचारतील, घाबरायचं काही कारण नाही, असंही म्हणाले.

मुलगी भिंतीला टेकून ऐकत होती. तिने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे ठेवला.

"दोष कुणाचाच नाही गं," सर म्हणाले. "बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं, एवढंच."

"त्यांना नव्हतं ठाऊक, बाबा. मला होतं. ते दोन्ही हातांनी दोरी धरून होते. गाठ मी मारली, आणि मग म्हटलं, आता सोडा हात."