अकराला जाणारं नेट

“परत गेलं,” स्वाती म्हणाली आणि तिने लॅपटॉप आल्बर्टकडे वळवला.

अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. स्क्रीनच्या खाली उजवीकडे, दोन इवल्याशा कॉम्प्युटरच्या चित्रावर लाल फुली आली होती.

मोबाइलवर नेट मिळायच्या आधीचे ते दिवस; आल्बर्ट केबलवाल्याकडे नेटच्या तक्रारी बघायचा. इंद्रलोकमधल्या या बिल्डिंगमध्ये नेट घेतलेलं हे एकच घर, आणि तिथे त्याची आठवड्यातली ही चौथी फेरी. वायरची टोकं दोनदा कापून नवी बसवून झाली, मग वायरच बदलली, स्वतःचा लॅपटॉप लावून पाहिला. तरी नेट रोज अकराला जायचं आणि दोन-तीन तासांनी, आल्बर्ट पोचेपर्यंत, आपोआप यायचं. आज उत्तनहून निघतानाच त्याने ठरवलं होतं, याचा निकाल लावल्याशिवाय परत जायचं नाही.

“होईल ना रे बाबा?” हॉलमधल्या कॉटवरून स्वातीच्या सासूबाईंनी, विमलाबाईंनी विचारलं. “माझ्यापायी पोरीचं काम अडलंय.”

अडीच महिन्यांपूर्वी विमलाबाई बाथरूममध्ये पडल्या होत्या. एक्स-रेत फारसं काही दिसलं नाही, पण पाठीने जी खाट धरली ती धरलीच. मुलगा निकेत जहाजावर, म्हणजे असून नसल्यासारखा. तेव्हा स्वातीने अंधेरीच्या ऑफिसात अर्ज केला आणि लॅपटॉप घेऊन ती घरून काम करू लागली. इन्शुरन्सचे फॉर्म थेट ऑफिसच्या मशीनवर भरायचे. नेट गेलं की हात बांधून बसायचं. शेवटी ऑफिसने सांगितलं, शुक्रवारपर्यंत लाइन सुधारली नाही तर सोमवारपासून इथे येऊन बसा. आज शुक्रवार होता.

तिचा मोबाइल वाजला.

“हो सर. नाही सर, माणूस आलाय, बघतोय.”

पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. साहेब फार गोड बोलत होते. “टेन्शन कशाला घेतेस? परत ये ना. टीम लीडर करतो म्हटलंय ना मी? माझ्या शेजारची केबिन तुझ्यासाठीच ठेवलीय.”

“बघते सर,” म्हणून स्वातीने फोन ठेवला.

आल्बर्टने वायर टेस्टरला लावली. सगळे दिवे पेटले. “मॅडम, वायरीत काय न्हाय. गच्चीवरचा बॉक्सच बंद दिसतोय. चावी कोणाकडे हाय?”

“बाबांकडे. सोसायटीचे सेक्रेटरी आहेत ना ते. मघाशीच वर गेलेत, टाकी बघायला.”

आल्बर्ट जिन्याने वर गेला. लिफ्टच्या खोलीचं दार उघडं होतं. आत एका उपड्या बादलीवर स्वातीचे सासरे आत्माराम पेपर वाचत बसले होते. नेटच्या बॉक्सचा प्लग त्यांच्या मांडीवर होता.

“अंकल! हे काय?”

आत्मारामांनी पेपराची घडी घातली. चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याचे भाव होते, पण पश्चात्ताप काही नव्हता.

“मॅडमला ऑफिसात जायला लागेल ना अशानं!”

“जाऊ दे की. त्यासाठीच तर इथं बसलोय.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “अरे, साहेब स्वतः बढती देतोय. असा साहेब मिळायला नशीब लागतं. आणि ही पोरगी आमच्यासाठी सगळं सोडून घरात बसलीय. दोनदा म्हटलं, जा. मान खाली घालते आणि म्हणते, आईंना कोण बघणार? सासऱ्याने सुनेला यापेक्षा जास्त काय बोलायचं? तुझ्या आंटीला मी बघेन. भांडं देईन, अंघोळ घालीन. चौतीस वर्षं तिने माझं केलंय.”

आल्बर्टला त्याची बहीण आयरिन आठवली. डॅडींच्या आजारपणात ती नर्सिंग सोडून घरी बसली, ती बसलीच. तिच्यासाठी प्लग काढणारं कोणी नव्हतं.

“दोन वाजेपर्यंत लावू नका,” तो म्हणाला आणि खाली आला.

कामाच्या बाबतीत तो सहसा खोटं बोलत नसे. आज बोलला. “सॉरी मॅडम. लाइनच वीक हाय हितली. टिकणार न्हाय.”

“काहीच नाही होणार? दुसऱ्या केबलवाल्याचं नेट घेतलं तर?”

“या बिल्डिंगमध्ये दुसऱ्याची लाइनच न्हाय.”

स्वातीने लॅपटॉपचं झाकण मिटलं. मग तिने फोन लावला. “सर, नेटचं नाही जमत. सोमवारी येते.”

तिचा आवाज अगदी सरळ होता. आल्बर्टला वाटलं, बिचारीला आनंद दाखवायचीसुद्धा लाज वाटत असेल. त्याने पकड, टेस्टर, वायरचे तुकडे बॅगेत भरले. तेवढ्यात आत्माराम वरून आले, बातमी ऐकली आणि तोंड शक्य तितकं गंभीर ठेवून म्हणाले, “आता काय करणार! मी आहे ना घरी. चल रे, तुला खाली चहा पाजतो.”

दोघं गेले. दार बंद झालं. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज येईपर्यंत स्वाती जागची हलली नाही.

“आई,” ती म्हणाली, “परत तेच. काम आहे म्हणून केबिनमध्ये बोलावणार, आतून कडी लावणार, आणि...”

विमलाबाईंनी पांघरूण बाजूला सारलं, पाय खाली सोडले, झपझप चालत तिच्यापाशी आल्या आणि तिचं डोकं पोटाशी धरलं.

“रडू नकोस,” त्या म्हणाल्या. “रविवारी मी परत पडते.”