आभाराची ओळ

हैदराबादच्या शास्त्रीय मासिकाने दत्तोपंतांचा कपाशीच्या रोगावरचा निबंध परत पाठवला. संदर्भांत आडनाव आधी हवं होतं. परभणीच्या घरी भर दुपारी ते नवी यादी मोठ्याने वाचू लागले. पत्नी सुमंगला जुनीशी ताडून बघत होती.

"हजेरीच घ्यायलात की!" ती हसली.

"दामले, विष्णू."

"हाजिर," रिकाम्या ओसरीवरून आवाज आला.

पुढच्या प्रत्येक नावाला तेच. फक्त "देशमुख, माणिकराव" म्हटल्यावर कुणी ओ दिली नाही.

"झरीचे माणिकराव तेवढे जिवंत आहेत," दत्तोपंत म्हणाले. "बाकी सगळे वारले."

"तुमचं नाव वाचा बरं."

त्यांनी वाचलं. ओसरी गप्प राहिली. सुमंगलाने देवाला हात जोडले.

हायसं वाटल्याच्या भरात दत्तोपंतांनी शेवटची आभाराची ओळही वाचून टाकली, "सौ. सुमंगला."

ती समोरच बसली होती, ओठ मिटून. ओसरीवरून तिच्याच आवाजात उत्तर आलं, "हाजिर."