भांडणासाठी प्रार्थना

चिठ्ठी वाचून आत्माराम हसला. सहा महिन्यांत पहिल्यांदाच, आणि तेही चर्चमध्ये.

"हसताय काय, भाऊ?" शेजारच्या बाकावरून तुळसाबाई पुटपुटल्या. आपली चिठ्ठी त्यांनी केव्हाच घडी करून पर्समध्ये टाकली होती.

रत्नागिरीची ही मंडळी लहान, सतरा घरांची. उपवासकाळ सुरू झाला की पाळकसाहेब टोपली फिरवत. प्रत्येक घराने एक चिठ्ठी उचलायची. तीत कुणाची तरी गरज लिहिलेली असे, नाव नसे. चाळीस दिवस त्या गरजेसाठी प्रार्थना करायची आणि चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. ईस्टरला, प्रार्थना ऐकली गेली असेल तर चिठ्ठी तबकात टाकायची. नसेल तर पुढे चालू ठेवायची.

२००२ साली आत्मारामाच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'एका घरात रोज संध्याकाळी भांडण व्हायचं. आता होत नाही. त्या घरासाठी प्रार्थना करा.'

म्हणजे कुठल्या तरी नवरा-बायकोत अबोला पडलाय, हे त्याच्या लगेच लक्षात आलं.

आधी त्याला गंमत वाटली, मग वाटेनाशी झाली. अबोला धरायला माणसं दोघंही असावी लागतात. एक गेलं की सोडायचा कुणाशी? सहा महिन्यांपूर्वी त्याची बायको मालिनी गेली, तेव्हापासून तो भिंतीशी बोलत होता. या दोघांना वेळेत बोलतं केलं पाहिजे, असं त्याने ठरवलं.

त्याने स्वतः प्रार्थना सोडून दिली होती. चर्चला जायचा, उभा राहायचा, बसायचा, एवढंच. मालिनीच्या आजारपणात मागायचं ते सगळं मागून झालं होतं आणि मिळालं नव्हतं. पण हे दुसऱ्याचं काम होतं. पहिल्या संध्याकाळी तो म्हणाला, "देवा, त्या दोघांना बोलतं कर. आमेन." एवढं बोलून दिवा लावायला उठला.

पण तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढलेला माणूस. इंजिनाचा आवाज बंद झाला की बॉनेट उघडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. घर कुठलं, ते शोधायचंच.

पहिला संशय पलीकडच्या गल्लीतल्या केरू शिंप्यावर. रविवारी त्याची बायको सावित्री त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हती. आत्माराम कॅरमच्या निमित्ताने त्यांच्याकडे गेला.

"सलाम, केरू."

"सलाम! काय रे आत्म्या, सहा महिन्यांनी वाट सापडली?"

"गुडघा दुखत होता."

"मेल्या, गुडघ्यावर चालायचं नसतं, पायावर चालायचं!"

सावित्रीवहिनींनी चहा आणला. आत्माराम दोघांकडे बारीक नजरेने बघत होता. शेवटी त्याने विषय काढलाच.

"नवरा-बायकोनं कसं गोडीनं राहावं. माझं आणि मालिनीचं बत्तीस वर्षांत एकदाही वाजलं नाही."

केरूला ठसका लागला. वहिनी तोंडाला पदर लावून घाईघाईने आत गेल्या.

आत्मारामाने मनाशी नोंद केली. इथेच काहीतरी पाणी मुरतंय.

तो रोज संध्याकाळी जाऊ लागला. आठवड्याभरात त्याची खात्री झाली, की ती दोघं व्यवस्थित बोलतात, उलट जरा जास्तच बोलतात. पण कॅरमची चटक लागली होती, म्हणून तिथलं जाणं चालू ठेवून त्याने दुसरी घरं धरली. तुळसाबाईंच्या लेक-जावयाकडे बांगड्याचं कालवण घेऊन गेला. ते खारट झालं होतं, पण त्यांनी मुकाट्याने संपवलं. संगमेश्वरहून एसटीने चर्चला येणाऱ्या मास्तरांच्या घरी जाऊन आला. मास्तरीणबाईंनी त्याला जेवू घातलं आणि निघताना पिशवीत कच्चा फणस दिला. सगळी घरं हसतीखेळती. अबोल्याचा पत्ता नाही.

इकडे प्रार्थना लांबत चालली. त्या दोघांसाठी मागता मागता तो तुळसाबाईंच्या डोळ्यांसाठी मागू लागला, मास्तरांच्या दम्यासाठी मागू लागला. एका संध्याकाळी मालिनीचं नाव तोंडात आलं. तो रडला. रडून झाल्यावर त्याने देवाचे आभार मानले, बत्तीस वर्षांचे. देवावर रागवायचं कितीतरी दिवसांत राहूनच गेलं होतं, हे त्याला दिवा लावताना कळलं.

ईस्टरच्या सकाळी चर्चच्या अंगणात केरू भेटला, आणि आदल्या संध्याकाळचा डाव पुन्हा निघाला.

"राणी घेतलीस, पण कव्हरची सोंगटी कुठं गेली?" केरूने विचारलं.

"गेली की! तुझ्या डोळ्यांदेखत गेली!"

"गेली नाही, तू ढकललीस! बोटानं!"

"मी? तीस वर्षं नोकरी केली, एक नट घरी नेला नाही, आणि मी सोंगटी ढकलीन? शिंप्या, तुला सुईत दोरा ओवता येईना, तुला कव्हर काय दिसणार!"

आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. अंगण एकदम गप्प झालं. पाळकसाहेब पायरीवर थबकले. तुळसाबाईंनी डोळ्याला रुमाल लावला. आज सणाच्या दिवशी आपण शोभा केली, म्हणून आत्माराम वरमला आणि आत जाऊन मागच्या बाकावर बसला.

उपासनेच्या शेवटी तबक निघालं. फिरवायची पाळी केरूची होती. तुळसाबाईंनी चिठ्ठी टाकली. मास्तरांनी टाकली. मग कुणीच मागे राहिलं नाही. आत्मारामाला सगळ्यांसाठी बरं वाटलं आणि स्वतःसाठी वाईट. तबक त्याच्यापुढे आलं तेव्हा त्याने मान हलवली.

"टाक की," केरू हळूच म्हणाला.

"माझी नाही ऐकली गेली रे. ते घर कुठलं, तेच कळलं नाही."

केरूने तबक त्याच्या मांडीवर ठेवलं. वरची चिठ्ठी उघडी होती. आत्मारामाने ती वाचली. मग खालची वाचली. मग तिच्या खालची. सोळाच्या सोळा चिठ्ठ्यांवर एकच मजकूर होता. 'एका घरात रोज संध्याकाळी भांडण व्हायचं.'

"तुलाच तेवढं कळलं नाही, आत्म्या," केरू म्हणाला. "आम्हाला बत्तीस वर्षं पलीकडच्या गल्लीत ऐकू येत होतं."