नऊ जणांचं रक्त

नऊच्या नऊ जणांचं रक्त सुधारलं होतं. डॉक्टर सो-रानं आकडे तीनदा तपासले. सिगारेटच्या धुरानं रक्ताची होणारी नासाडी दहा दिवसांत निम्म्यावर आली होती. हिरव्या चहाच्या पानांत ही ताकद आहे, हे दाखवायला तिनं पाच वर्षं घातली होती. या वेळी फसलं तर काम बंद, असं संस्थेच्या संचालकांनी स्पष्ट बजावलं होतं.

नाचावंसं वाटलं तिला. पण एक आकडा काही केल्या पटेना. धुरातला विषारी वायूही रक्तातून जवळजवळ नाहीसा झाला होता. चहा झाला म्हणून काय, तो वायू हाकलून देईल? छे! मग गेला कुठं?

तिनं गाडी काढली आणि थेट बोसोंग गावातलं समाजघर गाठलं. चहाच्या कारखान्यातले हे नऊ कामगार दहा दिवस तिथंच मुक्कामाला होते. चहा तिनं दिलेला, सिगारेटी मात्र नेहमीइतक्याच ओढायच्या, असं ठरलं होतं.

"खरं सांगा, रोज किती ओढल्या?"

त्यांच्यातला साठीचा दोक-सू उठला आणि त्यानं कपाट उघडलं. आत सिगारेटची पाकिटं, एकूण एक न फोडलेली.

"अहो, पण का?"

"हळू बोला, डॉक्टरीणबाई." दोक-सूनं डोळ्यांनीच कोपरा दाखवला. तिथं खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर एक्याण्णव वर्षांचे प्यो आजोबा बसले होते, किटली सांभाळत. "पहिल्याच दिवशी आले. म्हणाले, चहा मीच ओतणार. घरी एकटेच असतात हो, इथं त्यांना करमतं, म्हणून रात्रीही इथंच झोपतात. आता एवढ्या वडीलधाऱ्या माणसासमोर सिगारेट पेटवायची? आईबापांनी काही वळण लावलंय की नाही आम्हाला?"

"मग बाहेर जायचं ना!"

"गेलो की! तर विचारतात, कुठं निघालास रे पोरा? थांब, मीही येतो."

सो-राला हसावं की रडावं कळेना. पाच वर्षं पाण्यात गेली होती. तेवढ्यात संचालकांचा फोन आला.

"काय गं, जमलं की फसलं?"

तिनं कोपऱ्याकडे पाहिलं. आजोबा दोक-सूचा पेला भरत होते. तो दोन्ही हात पुढं करून, मान लववून बसला होता.

"आणखी दहा दिवस द्या, सर. या वेळी चहा बंद करते. आजोबांना राहू देते."