माहेरची नदी

केमोचा दुसरा डोस होऊन आठवडा झाला होता. दुपारी कुमुदिनी पलंगावर पडल्या पडल्या माहेरच्या नदीत पोहत होती. पाणी कोमट होतं. पलीकडच्या काठावरून वारलेली थोरली बहीण हाका मारत होती, "ये की गं!"

"कुमुद, अंग तापलंय तुझं," तिचा नवरा दिगंबर म्हणाला.

"जरा झोपू द्या ना. संध्याकाळपर्यंत उतरेल."

"नाही. सिस्टरनी बजावलंय, केमोनंतर ताप आला तर वाट बघायची नाही, लगेच यायचं."

रिक्षातही ती पोहतच होती. काठ जवळ येत होता, बहिणीच्या हातातली हिरवी काकणं दिसू लागली होती. मग हळूहळू पाणी गार झालं, बहीण धूसर झाली. डोळे उघडले तेव्हा हाताला सलाईन होतं.

"वेळेवर आणलंत," डॉक्टर सांगत होते. "पांढऱ्या पेशी फार कमी झाल्यात. इन्फेक्शन रक्तात पसरलं असतं."

ते गेल्यावर कुमुदिनी नवऱ्यावर रुसली. "ताई इतक्या प्रेमानं बोलवत होती. कशाला उठवलंत?"

दिगंबरनं तिचा हात घट्ट धरला.

"मला पोहता येत नाही गं," तो म्हणाला.