पाण्यात कोण उतरणार

धनाला साहेबानं मारलं. तो बुडाला असं सगळे म्हणतात, ते खोटं आहे. आपल्या मनानं पाण्यात गेलेलं माणूस बुडतं. धनाला बोट दाखवून पाठवलं होतं.

मेहरूणच्या तळ्याकाठी आपल्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या, मानेवर हात ठेवून बसलेल्या कस्तुराच्या डोक्यात हेच घोळत होतं. धना तिचा धाकटा दीर. गेल्या हिवाळ्यात साहेबानं पाडलेलं बदक आणायला तो पाण्यात शिरला, पाणवेलीत त्याचे पाय गुंतले आणि तो तळाशीच राहिला. यंदा त्याच्या जागी तिचा नवरा होता, करमसिंग. हे सगळं साहेबाच्या तोंडावर फेकायचं तिच्या मनात होतं. पण आज तिनं ओठ घट्ट मिटले होते. आज भुऱ्याची परीक्षा होती.

परीक्षेचं खूळ साहेबाचंच. विलायतेत पडलेलं पाखरू कुत्रा आणून देतो, तसं इथंही व्हावं असं त्याला वाटलं. कचेरीतला रुपचंद कारकून ही बातमी घेऊन आला तेव्हा म्हणाला होता, "ज्याचं कुत्रं पास, ते साहेबाच्या शिकारीला. मग पाण्यात माणसं कशाला लागतील?"

कस्तुरानं एवढंच ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली. आधी तिनं भुऱ्याच्या तोंडात कोंबडीचं अंडं दिलं. पहिली अंडी त्यानं फोडली, चाटून खाल्ली आणि शेपूट हलवत पुढचं मागायला आला. करमसिंग हसून म्हणाला, "तू कुत्राले शिकाडी राहिनी का पोसी राहिनी?" हळूहळू अंडं साबूत यायला लागलं. मग कणसाला चिंधी गुंडाळून, त्यावर पिसं बांधून ती डोहात फेकायची. बंदुकीच्या आवाजाची भीती मोडावी म्हणून करमसिंग त्याच्या कानाशी पत्र्याचा डबा बडवायचा. भुऱ्या वेलींवरून सापासारखा सरकत जायचा. माणसासारखे त्याचे पाय खाली लोंबत नव्हते.

सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांच्या पाड्यावर शिकारीत माणसाला एक वाटा मिळतो आणि कुत्र्यालाही एक. कमी नाही, जास्त नाही. साहेबाकडेही असंच असेल, असं कस्तुरानं धरलं. पाण्यात एक जीव जायचा आहे ना, मग ज्याला वेली धरत नाहीत तो जाईल.

"काय गं कस्तुरा, कुत्र्याला मॅट्रिकला बसवलंस म्हणे?" रुपचंदनं जाता जाता टोमणा मारला.

"पास व्हई तो, भाऊ," ती म्हणाली. "तुमना साहेबले सांगी ठेवा."

आणि भुऱ्या पास झाला. चामड्याचे पट्टे घातलेली साहेब लोकांची कुत्री होती. त्यातलं एक बार ऐकताच गाडीखाली लपलं, एकानं पाखरू चघळून टाकलं. भुऱ्या बार होईपर्यंत हललासुद्धा नाही. कस्तुरानं हात केल्यावर सुटला, काठाजवळच्या उघड्या पाण्यातून बदक उचललं आणि आणून साहेबाच्या हातात दिलं. साहेबानं बदक चाचपून पाहिलं. दाताची एक खूण नव्हती. त्यानं टोपी काढली, भुऱ्याच्या डोक्यावर थोपटलं आणि आपल्या हातानं त्याच्या गळ्यात नवा पट्टा अडकवला.

कस्तुरानं करमसिंगकडे पाहिलं. वर्षभरात पहिल्यांदा ती मोकळी हसली.

लगेच खरी शिकार सुरू झाली. बदकांचा थवा उठला, साहेबाची बंदूक वाजली आणि एक बदक तळ्याच्या मधोमध पाणवेलीत पडलं. कस्तुरानं हात केला. भुऱ्या झेपावला.

"रोको!" साहेब ओरडला. "कुत्ता वापस लाओ! फँस जाएगा, मर जाएगा! ऐसा कुत्ता दुबारा नहीं मिलेगा!"

शिपायानं पट्टा धरून भुऱ्याला मागं ओढलं. साहेबानं करमसिंगकडे बोट दाखवलं.

"तुम जाओ."

"भाऊ, सांगा ना साहेबले," कस्तुरानं रुपचंदची बाही धरली. "त्या वेली कुत्राले धरतीस नही. माणूसले धरतीस."

रुपचंदनं बाही सोडवून घेतली. "आता तो साहेबाचा कुत्रा आहे, बाई. मी काय बोलू?"

करमसिंगनं पागोटं काढून तिच्या मांडीवर ठेवलं. "आते परत येस," म्हणाला आणि पाण्यात शिरला.

तो बदकापर्यंत पोचला. बदक धरलेला हात त्यानं वर केला, काठावर कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. मग तो वळला आणि जागीच थांबला. एकदा जोरात हिसका दिला. दुसऱ्यांदा डोकं वर आलं ते अर्धंच. काठावर भुऱ्या पट्ट्याला हिसडे देत, गळा कापून निघेल इतका ओरडत होता. शिपायानं त्याला सोडलं नाही, तसा हुकूमच नव्हता.

दोर, गळ आणेपर्यंत वेळ गेला. करमसिंगला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या पायांना गुडघ्यापर्यंत जाड वेलींचे वेढे होते. मूठ मिटलेली होती. शिपायानं ती उघडून बदक काढलं आणि टोपलीत टाकलं.

साहेब गाडीकडे निघाला होता. भुऱ्याला आधीच गाडीत बसवलं होतं, त्याच्या अंगावर घोंगडी होती. कस्तुरा रडली नाही. ती उठली आणि गाडीच्या वाटेत जाऊन उभी राहिली.

"बाजूला हो," रुपचंद म्हणाला. "साहेबाला तुझी बोली कळत नाही."

"तुमले कळस ना? मंग तुम्ही सांगा त्याले." तिची नजर साहेबावरून हलली नाही. "कुत्रा पास व्हयना म्हनीसन त्याले पाणीमा जाऊ दिधं नही. मना माणूसनी काय पास करनं व्हतं, साहेब? बोला. काय पास करनं व्हतं?"