मागचे दोन बॉक्स

"साउंडबार घ्या की," दुकानदार महादेवप्पा म्हणाले. "एकच पट्टी, टीव्हीखाली ठेवायची. वायरींचं झेंगट न्हाय."

"त्यातनं मागून आवाज येतो का?" अंकितानं विचारलं.

"येतो म्हंजे... भास होतो."

"भास नको. खरंच मागं ठेवायचे बॉक्स असतात ते दाखवा."

अवधूत बायकोकडं बघतच राहिला. दोन वर्षं तो होम थिएटरचं नाव काढत होता आणि दर वेळी अंकिता काहीतरी आडवं घालत होती. आधी डोहाळजेवण, मग पाळणा, मग लसी. टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातनं या वर्षीचा बोनस हातात आला, तेव्हा मात्र तीच म्हणाली, "चला, बघून तर येऊ." दहा हजारांच्या आत, एवढीच अट.

खरं कारण तिनं त्याला सांगितलं नव्हतं. ते तिच्या मांडीवर बसलं होतं, तोंडात मूठ घालून. आठ महिन्यांची सृष्टी.

पोरीला नीट ऐकू येत नाही, हे अंकिताच्या मनानं घेतलं होतं. गल्लीत उजवीकडं हॉर्न वाजायचा, सृष्टी डावीकडं मान वळवायची. भाजीवाली एका टोकाला ओरडायची, ही दुसऱ्याच टोकाकडं डोळे लावायची. कधी तर काही आवाज नसताना दचकायची. अंकिता बी.एस्सी. झालेली. या वयाचं मूल आवाजाच्या दिशेनं वळतं, हे तिनं मोबाइलवर दहा ठिकाणी वाचलं होतं.

तिनं स्वतः वाटी वाजवून बघितली, की सृष्टी बरोबर वळायची. पण ती हात बघून वळत नसेल कशावरून? माणूस दिसायला नको, हात दिसायला नको, नुसता आवाज हवा होता. पाठीमागून.

सासूबाईंजवळ विषय काढला तर त्या उखडल्या. "मोबाइलवर वाचून लेकराला रोग लावतीस व्हय गं? सोन्यासारखी पोर हाय."

मग तिनं वैरागला आईला फोन लावला. सृष्टी उजव्या खांद्यावर झोपलेली, म्हणून मोबाइल डाव्या कानाशी धरला. पण तिकडं नेटवर्कचं काय झालं होतं कोण जाणे, पलीकडून एक शब्द येईना. तिनं फोन ठेवून दिला.

राहिली ती नुसती घरघर. शेजारी यंत्रमाग होते. बाळंतपणात तिला मोठा ताप आला होता; तो उतरला, तेव्हापासून ती घरघर तिच्या डोक्यातच शिरून बसली होती. लाइट जाऊन माग थांबले तरी थांबायची नाही. झोप पुरी होत नाही, दुसरं काय, असं म्हणून ती कामाला लागायची.

महादेवप्पांनी त्यांना दुकानाच्या आतल्या खोलीत नेलं, अंकिताला कोचावर बसवलं आणि एक खोकं फोडलं. "हे बसतंय बघा तुमच्या पैशात. पुढचे तीन चांगले हायत, मागचे दोन बारके. वूफर मोठा घेऊ नका. वरच्या घरमालकाची भांडी नाचली तर तुमचं सामान रस्त्यावर."

"आमचे मालक ठार बहिरे आहेत, काका," अवधूत हसत म्हणाला. "कितीबी वाजवा."

अंकिता हसली नाही. तो शब्द तिच्या छातीत रुतला. तिनं सृष्टीच्या कानावरचं जावळ मागं सारलं. इवलासा कान, सोन्याची बाळी घातलेला. बघणाऱ्याला काय कळणार आहे त्यातलं?

"अगं!" अवधूत तिच्या डाव्या बाजूनं वळसा घालून समोर आला. "तीनदा विचारलं, काळा रंग चालेल का म्हणून. कुठं हरवलीस?"

"चालेल," ती म्हणाली. "काका, फक्त मागचे वाजवता येतील का? एकेक?"

"येतंय की. पण वैनी, लोक पुढचे ऐकून घेतात."

"मला मागचेच ऐकायचेत."

महादेवप्पा कोचामागं गेले. अंकितानं सृष्टीला पुढं तोंड करून मांडीवर नीट बसवलं. समोरचा टीव्ही बंद. अवधूतला तिनं भिंतीशी उभं राहायला सांगितलं, हलायचं नाही म्हणून बजावलं. मग तिनं पोरीच्या चेहऱ्यावर नजर रोवली.

देवा, एवढं बरोबर वळू दे.

मागून पाखरू किलबिललं. उजवीकडून, अगदी स्वच्छ.

सृष्टीनं तोंडातली मूठ काढली. मान वळवली. डावीकडं.

"परत वाजवा."

पुन्हा उजवीकडून पाखरू. सृष्टी पुन्हा डावीकडं वळली. या वेळी तर तिकडच्या कोपऱ्याकडं बघून खुदकन हसली.

"अजून एकदा, काका."

तिसऱ्यांदाही तेच. इतके दिवस कुठंतरी आशा होती, की आपलंच मन खुळं आहे. तिनं पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि तिला हुंदका आवरेना.

"बघितलंत ना आता? तुमच्या आईंनी मला वेड्यात काढलं. आवाज उजवीकडनं येतोय आणि ही डावीकडं बघतेय! तीनदा! हिला ऐकू येत नाही हो नीट. उद्याच्या उद्या कानाच्या डॉक्टरकडं जायचं, काही सांगू नका मला."

अवधूत सृष्टीकडं बघतच नव्हता. तो अंकिताकडं बघत होता.

कोचामागून महादेवप्पा गुडघ्यावर हात टेकत उठले.

"वैनी," ते चाचरत म्हणाले, "पाखरू तिन्ही बार डावीकडनंच वाजलं. उजवीकडचा बॉक्स अजून जोडलाच न्हाय. त्याची वायर ही काय, माझ्या हातात हाय."